कानात सांगणारा

सांगलीच्या हळदपेठेतील समस्त व्यापारी, अडते, हमाल, गाडीवान, गाड्यांचे बैल आणि विनाकारण रस्त्यात उभी राहणारी इतर मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आज सायंकाळी सूर्य मावळणार आहे. तरी सर्वांनी रस्ता मोकळा ठेवावा. पायगोंडा पाटील जेवायला निघाले आहेत.

ही दवंडी मी देत असे. वखारीची वरची पायरी हे माझं व्यासपीठ आणि रॉकेलचा रिकामा डबा हे माझं वाद्य. लढाईचे दिवस होते, रॉकेल रेशनवर होतं, त्यामुळे रिकाम्या डब्यांना तोटा नव्हता. डबा वाजला की गल्लीच्या तोंडाला पायगोंडा उगवायचा. वय सोळा, अंगानं आडवा, डोक्यावर काळी टोपी, बगलेत पुस्तकं, दोन्ही चपला एका हातात आणि नजर पश्चिमेकडं. मास्तरांनी कवायतीला थांबवून घेतलं की त्याची आणि सूर्याची ही शर्यत लागायची. तो जैन होता. दिवस मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. पळता पळता ओरडायचा, "हाय की रं अजून! पिंपळाच्या शेंड्यावर ऊन हाय की!"

पेठेतले लोक त्याच्यावर दिवे लावत. "पायगोंडा गेला रं, कंदील पूस," असं एक अडत्या आपल्या नोकराला सांगताना मी या कानांनी ऐकलं आहे. बहुतेक वेळा तो जिंकायचा. हरला, तर झाकून ठेवलेल्या भाताच्या पातेल्याकडं एकदा बघायचा, ते बाहेरच्या कुत्र्यापुढं नेऊन ठेवायचा आणि म्हणायचा, "त्येला पण घरी जायाचं असतंय की. आपल्यासाठी किती थांबंल?" त्येला म्हणजे सूर्याला.

आता माझे केस पांढरे झाले. पायगोंडा त्या टोपीखाली काळ्या केसांचाच राहिला.

तो आम्हाला मिळाला तो हळदीमुळं. माझे मामा सांगलीत एका पेढीवर दिवाणजी होते. वखारीच्या मागची खोली त्यांनी मला शिकण्यासाठी दिली होती. माझ्याबरोबर गावाकडचा दस्तगीर होता. आमचं गाव रहिमतपूरच्या पलीकडं. गावच्या मुलाण्याचा हा थोरला मुलगा, माझ्याच वर्गातला, माझ्याहून हुशार आणि माझ्याहून निम्म्यानं बोलणारा. पायगोंडाच्या वडिलांची हळद मामांच्या पेढीवर यायची. त्यांचं गाव कृष्णेच्या खालच्या अंगाला, कानडी मुलखाच्या कडेवर. बोर्डिंगात जागा मिळाली नाही म्हणून हळदीच्या पोत्यांबरोबर एके दिवशी गाडीतून हा मुलगाही उतरला. उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं, "हीर कुठं हाय?"

आम्हाला वाटलं, तहान लागली असेल. त्यानं बादली काढली, घडीचं पांढरं फडकं तांब्यावर धरून पाणी गाळलं, पोटभर प्याला आणि मग ते फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलकेच बादलीत धुतलं. पुन्हा विहिरीवर गेला, बादली अगदी पाण्याला टेकेपर्यंत सोडली आणि सावकाश उपडी केली. मी विचारलं, "हे काय रं?"

"जिवाणी," तो म्हणाला. "फडक्यावर जीव राहत्यात. बारीक. दिसत न्हाईत. त्येंला परत नेऊन सोडायचं."

"मग वरनं टाक की."

"वरनं टाकलं तर लागंल की त्येंला."

"आणि शेजारच्या हिरीत टाकलं तर?"

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी एखाद्या मुलाला दुसऱ्याच्या घरात झोपवायला सांगितलं आहे. "ज्या हिरीचं त्या हिरीत," म्हणाला. "त्येंचं घर तितं हाय. दुसरीकडं करमंल व्हय?"

दस्तगीर पहिल्यांदा हसला तो तेव्हा. आमच्या खोलीत तोवर हसण्याचं काम एकट्या माझ्याकडं होतं.

पायगोंडा साधुसंत होता असं कुणी समजू नये. गूळ दिसला की त्याचा ताबा सुटायचा. गणितात तो असा बुडायचा की मास्तर त्याच्या वहीकडं बघून मयताला काढावी तशी टोपी काढायचे. चिडला की कानडीत पुटपुटायचा आणि अर्थ विचारला तर म्हणायचा, "चांगलंच हाय, पण तुला लागू न्हाई." मी मात्र त्या वयातला पक्का नारद. पावसाळी संध्याकाळी दोघांची धर्मावरून जुंपवून देणं हा माझा आवडता खेळ. एकदा मी सुरुवात केली, "पायगोंडा, तुमच्यात जग करणारा देवच न्हाई म्हणतात. मग वर कोण हाय?"

"वर पत्रा हाय."

"आणि पत्र्याच्या वर?"

"माकडं."

"तोबा, तोबा," दस्तगीर म्हणाला आणि हसू दाबायला त्यानं पुस्तक तोंडापुढं धरलं. भांडण लागलंच नाही. माझे असे पुष्कळ प्रयोग पडले.

पण एक नियम त्यानं मला एकदा गंभीरपणे सांगितला होता आणि पुढची सगळी गोष्ट त्या नियमावर आहे. आमच्या खोलीत ढेकणांचं राज्य होतं. एका पहाटे मी एक टपोरा ढेकूण, पायगोंडाच्याच पाठीवरून उतरलेला, भिंतीवर चिरडला. तो उठून बसला.

"मारलास?"

"मारला. तुझ्या रक्तानं भरला हुता."

"मला सांगू नगंस रं," तो कळवळून म्हणाला. "जीव मारणं, दुसऱ्याकडनं मारवणं आणि मारल्यावर मनात बरं वाटणं, तिन्हीचं पाप सारखंच. आणि मला आत्ता बरं वाटलं."

त्या दिवशी त्यानं गूळ खाल्ला नाही. ढेकणासाठी.

मग भाद्रपद आला आणि त्याच दिवसांत रमजान. पायगोंडाच्या व्रतांचे दिवस आणि दस्तगीरचे रोजे एकमेकांवर आले. आता बघा काय मौज. एकाला सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि दुसऱ्याला सूर्य मावळल्यावरच तोंड उघडायचं. दोघे सख्खे मित्र आणि एका पंगतीला बसणं अशक्य. मी मात्र दोघांबरोबर जेवत असे. दोन धर्मांचा मान राखायला कुणीतरी हवंच होतं.

पायगोंडा जेवून उठला की दस्तगीरसाठी पाणी गाळायचा. तांब्या भरून, वर फुलपात्र पालथं घालून, शेजारी गुळाचा खडा ठेवून समोर मांडी घालून बसायचा. मशिदीकडची बांग आली की दस्तगीर गूळ तोंडात टाकायचा आणि फुलपात्र उचलायचा. दिवसभराची तहान. घशाची घाटी वरखाली व्हायची. पायगोंडाला मात्र आता सकाळपर्यंत पाणी नव्हतं. तो टक लावून बघत राहायचा. दस्तगीर पहिल्या दिवशी ओशाळला आणि पाठ फिरवून पिऊ लागला.

"फिरू नगंस की," पायगोंडा म्हणाला. "तू पी. मला बघून गार वाटतंय."

तेव्हापासून दस्तगीर त्याच्याकडं तोंड करूनच पाणी प्यायचा. मी यावर काही विनोद केला असेल, आता आठवत नाही. एवढं आठवतं, की त्यावर दोघांपैकी कुणी हसलं नव्हतं.

फाल्गुनात गावाहून निरोप आला. दस्तगीरचे वडील, आमचे हुसेनचाचा, छातीत ताप उतरून गेले. दस्तगीर गावी गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत कापडात गुंडाळलेली सुरी होती. ती त्यानं फळीवर ठेवली, पुस्तकांच्या मागं.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. चैत्रात भैरोबाची जत्रा. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी गावाचं मटण. बोकडं देवळामागच्या चिंचेखाली आणायची आणि सुरी चालवायची ती मुलाण्यानं. त्यानं 'बिस्मिल्ला' म्हटल्याखेरीज पाटलाच्या घरीसुद्धा ते मटण चुलीवर चढत नसे. नवस भैरोबाचा, बोकड मराठ्याचा आणि हात मुसलमानाचा. त्यात कुणाला कधी नवल वाटलं नाही. त्या कामावर मुलाण्याचा गावात मान, त्यावरच घर. आता घरात दस्तगीर, त्याची अम्मा आणि धाकट्या बहिणी. दस्तगीरनं सुरी धरली नाही, तर कोरेगावकडचा कुणी चुलता येऊन ती धरणार आणि ते घर गावात नावापुरतं उरणार.

आणि दस्तगीरचा हात थरथरत होता.

मामींनी कोंबडी आणली होती. त्या म्हणाल्या, "बाबा, शिकून घे हिच्यावर." वखारीमागं त्यानं ती धरली, बापाचे शब्द म्हटले आणि हात असा हलला, की एका वाराचं काम एका वारात झालं नाही. ते मी वर्णन करणार नाही. दस्तगीर भिंतीशी ओकत बसला. पायगोंडा तेव्हा विहिरीवर जिवाणी सोडत होता. हातात रिकामी बादली घेऊन तो सगळं संपेपर्यंत तसाच उभा होता.

त्या संध्याकाळी दस्तगीर त्याला म्हणाला, "जत्रंला तू ये."

"मी?"

"काय करू नगंस. रोज्याला कसा समोर बसतोस, तसा नुसता हुबा ऱ्हा. तू हुबा असलास तर हलणार न्हाई माझा हात."

मला राग आला दस्तगीरचा. चिमटीत धरून मुंगी बाजूला ठेवणाऱ्या मुलाला हा बोकडांच्या रांगेपुढं उभा करू बघत होता. मी तसं बोललोही. पायगोंडानं मला गप्प केलं. "त्येचा हात थरथरला तर जनावराला दोनदा मरावं लागतंय," म्हणाला. "मी बघितलं की आज." आणि मग स्वतःशीच, "पण हुबं राहणं म्हंजे बरं म्हणणंच झालं की रं."

पुढचे दिवस त्यानं हा विषय काढला नाही. शर्यती चालू होत्या, मी डबा वाजवत होतो, पण तो पिंपळावरच्या उन्हाबद्दल ओरडत नसे. आम्ही दोघं गावी निघालो त्या सकाळी स्टेशनवर बघतो तर पायगोंडा आधीच येऊन बसलेला. काखेत गाठोडं, हातात पितळी तांब्या, तांब्यात घडी केलेलं पांढरं फडकं.

"मी बघायला येत न्हाई," त्यानं आम्हाला आधीच बजावलं. "पाणी द्यायला येतोय."

मिरजेला गाडी बदलून रहिमतपूर स्टेशनवर उतरेपर्यंत तो एवढंच बोलला.

चिंचेखाली गाव जमलं होतं. पहिला मान सदूतात्याचा. तात्या फौजेतून हवालदार होऊन आलेले, मिशा अजून पलटणीतल्या. त्यांनी पायगोंडाला नखशिखांत न्याहाळलं आणि मला विचारलं, "ये कौन आदमी रं मारत्या?"

"माझा मैतर हाय तात्या. सांगलीकडचा. जैन."

"जैन? आन् हितं?" तात्यांचा आवाज देवळाच्या शिखराला लागला. "बोकडं सोडवायला आलायस काय रं?"

"न्हाई तात्या. पाणी पाजायला," पायगोंडा म्हणाला.

"पाज की. वड्याला लय पाणी हाय."

पायगोंडा ओढ्यावर गेला आणि तांब्यावर फडकं धरलं. सगळं गाव हसायला लागलं. "अरं, गाळून! मरणाऱ्याला गाळून!" कुणीतरी ओरडलं, "साखर बी घाल गड्या!" तात्या म्हणाले, "आता ह्या बोकडाला काय पटकी हुनार हाय व्हय रं?"

पायगोंडानं वर बघितलं नाही. "बोकडाचं न्हाई वो," म्हणाला. "पाण्यातल्यांनी काय केलंय?"

हसू एकदम थांबलं नाही, पण कमी झालं.

दस्तगीर पुढं झाला. बापाची सुरी, बापाचाच पांढरा सदरा, खांद्यावर मोठा झालेला. बोकड आडवं धरलं होतं. मी त्याच्या हाताकडं बघत होतो. तो हात चिंचेच्या पानासारखा हलत होता. लोकांच्याही ते ध्यानात आलं. कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "चुलत्यालाच बोलवा की."

पायगोंडा गुडघ्यांवर बसला. ओंजळीनं बोकडाला पाणी पाजलं, मानेवर तळवा ठेवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागला. अगदी हळू. रोज पहाटे अंथरुणात बसून तो जो णमोकार म्हणायचा, तो मला लयीवरून ओळखू आला. बोकडाचे कान हलायचे थांबले. मी वर बघितलं. दस्तगीरचा हात स्थिर होता.

एका कानात जैनाचा मंत्र, वरून दस्तगीरचं 'बिस्मिल्ला' आणि सभोवती गावाचं 'चांगभलं'. तीन आवाज एकाच वेळी झाले आणि काम एका वारात झालं.

पायगोंडा डोळे मिटून बसला होता. उघडले, तांब्या उचलला आणि पुढच्या बोकडाकडं गेला. उन्हं डोक्यावर येईस्तोवर हे चाललं. गंमत पुढंच आहे. पहिल्या चार-दोन बोकडांना लोक बघत राहिले. मग एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मंतर सांगतंय गं लेकरू." दुसरी म्हणाली, "भ्या नगं म्हणत आसंल." दुपारकडं एकानं घाईनं बोकड पुढं ढकललं, तर माणसं त्याच्यावर खेकसली, "अरं थांब की! त्येच्या कानात कुठं सांगून झालंय?" नवीन रीत गावात रुजायला पिढ्या लागतात म्हणतात. आमच्या गावाला एक सकाळ पुरली.

सगळं संपल्यावर पायगोंडा ओढ्याकाठी फडकं धूत होता. जिवाणी ज्या जागचं पाणी घेतलं त्याच जागी सोडली. मी विचारलं, "नुसता णमोकारच म्हणत हुतास?"

"आणि शेवटी सांगत हुतो, जा म्हणून."

"कुठं?"

"त्येच्या घरी." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आपल्याला काय कळतंय त्येचं घर कुठं हाय. पण न सांगता कसं धाडायचं रं कुणाला?"

त्या दिवशी गावात प्रत्येक घरी रस्सा उकळत होता. पायगोंडाला दस्तगीरच्या अम्मानं कोऱ्या मडक्यातलं पाणी आणि शेंगदाणे दिले. गूळही दिला. गुळाला त्यानं हात लावला नाही.

हळदीच्या गाड्यांबरोबर बातमी त्याच्या गावी पोचली. त्याचे अप्पा आले. ओरडले नाहीत. वखारीच्या पायरीवर, माझ्याच व्यासपीठावर, बसून राहिले. मग त्याला बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, घेऊन गेले. मी मागून गेलो आणि बाहेर उभा राहिलो. आतले उपाध्ये म्हातारे होते, आवाज मऊ होता.

"तू मारलंस काय बाळ?"

"न्हाई."

"मार म्हणालास?"

"न्हाई."

"मनात बरं वाटलं?"

अप्पांनी खाकरून घसा साफ केला. पोरानं एकदा 'नाही' म्हणावं, एवढीच त्या माणसाची आशा होती. ती मला बाहेर कळत होती.

"वाटलं," पायगोंडा म्हणाला. "दस्तगीरचा हात थरथरायचा थांबला, तवा मला लय बरं वाटलं."

उपाध्यांनी थोडे उपवास सांगितले. पायगोंडानंच ते वाढवून घेतले. चातुर्मास संपेपर्यंत एक वेळ जेवीन म्हणाला. दस्तगीर त्याच्या पाया पडायचा बाकी राहिला. "माझ्यापायी कशाला रं? नगं करूस."

"तुझ्यापायी न्हाई की. बरं मला वाटलंय."

"मग आता वाईट वाटतंय काय तुला?"

पायगोंडानं विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "न्हाई," म्हणाला. "तीच तर पंचाईत हाय."

त्या पावसाळ्यात कृष्णा दोनदा पात्राबाहेर आली आणि नदीकाठच्या गावांतून मुदतीचा ताप पसरला. भरल्या पोटाची माणसंही त्यात गेली. उपासानं अंग खचलं म्हणून पायगोंडाला ताप लागला, असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत आणि तसं नाही, असं म्हणणारेही. मी त्या वादात कधी पडलो नाही. एवढं एकच भांडण मी आयुष्यात टाळलं.

आम्ही त्याला बघायला त्याच्या गावी गेलो तेव्हा पुन्हा रमजान होता. सोप्यात वाकळेवर तो निजला होता. आडवं अंग कुठं गेलं कळत नव्हतं, टोपी मात्र उशाशी होती. दिवस कलला होता. त्याची आई, तिला तो अव्वा म्हणायचा, वाटीत पाणी घेऊन त्याच्या तोंडाशी धरत होती. तिची घाई दारातल्या उन्हाकडं बघून चालली होती. त्यानं दोन घोट घेतले आणि ग्लानी आली. डोळे उघडले तेव्हा उंबऱ्यावरचं ऊन गेलं होतं.

"पी रे बाळा," अव्वा म्हणाली. "तापात चालतंय. मी सांगते की, चालतंय."

ओठ फुटले होते. त्यानं मान हलवली. "बेड, अव्वा." नको.

तिनं आमच्याकडं बघितलं, तुम्ही तरी सांगा अशा नजरेनं. मी, ज्याची जीभ कधी थांबली नाही तो मी, खांबाला धरून उभा होतो. लांबून, गावाच्या दुसऱ्या टोकाकडून, बांग आली.

पायगोंडानं डोळे दस्तगीरकडं वळवले. "रोजा हाय न्हवं तुझा? अव्वा, त्येला पाणी दे."

अव्वा उठली. परजातीच्या पाहुण्यांसाठीचा निराळा गडवा कोनाड्यात होता, तो तिनं घेतला नाही. मुलाच्या उशाचं, गाळून ठेवलेलं पाणी त्याच्याच फुलपात्रात ओतून तिनं दस्तगीरच्या हातात दिलं. दस्तगीरला ते तोंडापर्यंत नेता येईना. हात हलत होता, पाणी सांडत होतं. त्यानं पाठ फिरवली.

"फिरू नगंस की," वाकळेवरून आवाज आला. "तू पी. मला बघून..."

दस्तगीर वळला. त्याच्या डोळ्यांत बघत सगळं पाणी प्याला. डोळ्यांतून गळत होतं, घशातून उतरत होतं. पायगोंडाची घाटी त्याच्याबरोबर वरखाली होत होती.

आम्ही सांगलीला परतलो आणि त्या आठवड्यातल्या हळदीच्या गाडीनं बातमी आणली. त्या संध्याकाळी सूर्य मावळला. पेठेत दिवे उशिरा लागले.

चैत्रात पुन्हा जत्रा आली. दस्तगीरला गावानं आता मुलाणी म्हणून मानलं होतं. चिंचेखाली गर्दी होती, मान सदूतात्यांचा होता. दस्तगीरनं ओढ्याचं पाणी आणलं होतं, गाळून. पायगोंडाचं ते फडकं अव्वानं त्याला दिलं होतं. पण कुणी बोकड पुढं आणीना. सगळे रस्त्याकडं बघत होते.

"आरं, ते कानात सांगणारं पोरगं कुठाय?" एका म्हातारीनं विचारलं. "गाडी चुकली का काय त्येची?"

दस्तगीर खाली बघत होता. सांगणं माझ्यावर आलं. आयुष्यभर दवंड्या पिटल्या, पण ही मला देता येईना. कशीबशी दिली. कुणीतरी 'अरारा' म्हणालं. पागोटी उतरली. मग नुसता चिंचेच्या पानांचा आवाज. दस्तगीरच्या हातातली सुरी पुन्हा हलायला लागली होती आणि ती लपवायची त्यानं खटपटही केली नाही.

सदूतात्या आपल्या बोकडाचा कान धरून उभे होते, तोच कान, ज्यात सांगायचं होतं. दोन लढायांतून मिशीला पीळ देत आलेला तो माणूस आधी बोकडाकडं, मग माझ्याकडं बघत राहिला आणि एकाएकी भरल्या गर्दीत, लहान मुलासारखा ओरडला,

"आरं, मग माज्या बोकडाला न सांगताच धाडायचं व्हय रं?"